पिकअपच्या इंजिनात जादा डिझेल : ओढीचा हिशेब, धूर आणि कायदा

रायपूर : नागपूरहून संबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आणि जबलपूरहून जगदलपूरकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ३० हे दोन्ही रायपूरवरून जातात. उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींतील लोखंडी माल, सिमेंट, यंत्रांचे सुटे भाग अशा मालाच्या वाहतुकीत लहान डिझेल पिकअपचा वाटा मोठा आहे. जगदलपूरच्या वाटेवरील केशकाल घाट किंवा जबलपूरच्या वाटेवरील चिल्फी घाट भरल्या गाडीने, त्यातही मागे ट्रेलर जोडून चढायचा असला, की इंजिनाची ओढ कमी पडल्याचे जाणवते. त्यावरचा झटपट उपाय म्हणून इंधन पंपातून जाणारे डिझेल वाढवून घेतले जाते.

जुन्या यांत्रिक पंपात प्रत्येक फटक्याला किती डिझेल सोडायचे याची कमाल मर्यादा एका स्क्रूने ठरते आणि तो कारखान्यातूनच सीलबंद येतो. सील तोडून स्क्रू फिरवला की डिझेल वाढते. कॉमन रेल इंजिनात हे काम संगणकीय नियंत्रकाकडे असते. तेथे नियंत्रकाची आज्ञावली बदलली जाते, अथवा दाबमापकाच्या तारेत एक छोटी पेटी बसवली जाते. ही पेटी रेलमधील दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचे भासवते आणि नियंत्रक दाब आणखी वाढवतो.

मात्र डिझेल जाळायला हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते; धूर टाळायचा तर त्याहून बरीच अधिक. टर्बोचार्जर आणि इंटरकूलर तेच ठेवून केवळ डिझेल वाढवले, तर थोडी शक्ती वाढते आणि उरलेल्या डिझेलची काजळी होते. मागून निघणारा काळा धूर हे मालकाने पैसे मोजून घेतलेले, पण न जळालेले इंधन असते. रायपूरच्या उन्हाळ्यात ही अडचण वाढते : २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. शिवाय ज्वलनाचे तापमान चढते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पिस्टन तग धरतो तो तेल-पाण्याच्या थंडाव्यामुळे. सपाट रस्त्यावर क्षणभर वेग घेताना हे निभावते, घाटात वीस मिनिटे सलग भार पडला की निभावेलच असे नाही. पिस्टन, टर्बोचे बेअरिंग आणि क्लच यांची झीज प्रथम होते.

मुळात ओढीचा हिशेब वेगळा आहे. तीन टनांच्या भरल्या पिकअपमागे दीड टनाचा ट्रेलर असेल, तर पाच टक्के चढावर चाकांशी सुमारे २९० किलो ओढ लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने त्यासाठी सुमारे ३२ अश्वशक्ती पुरते. ताशी ६० किलोमीटरला ६४ लागते आणि वाऱ्याचा रोध व गिअरमधील घट वेगळी. अडीच लिटरच्या प्रचलित पिकअप इंजिनाची शक्ती ७५ अश्वशक्तीच्या आसपास असते. म्हणजे खालच्या गिअरमध्ये सावकाश चढण्याइतकी शक्ती तिच्यात आधीच आहे. जादा डिझेल विकत घेते तो घाटातला वेग. उतरताना मात्र तेच साडेचार टन मूळच्या ब्रेकवर येतात. स्क्रू फिरवल्याने ब्रेक मोठे होत नाहीत, ही बाब या सौद्यात सहसा विसरली जाते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास दंड दहा हजारांपर्यंत जातो. अतिभारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये आकारले जातात. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. अपघात झाल्यास बदललेल्या वाहनाच्या विमा दाव्यावर वाद उभा राहू शकतो, तो खर्च या सर्वांहून मोठा ठरण्याची शक्यता आहे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांच्या वाहनांत काजळीचा फिल्टर असल्यास जादा डिझेलने तो लवकर तुंबतो. मग फिल्टरच काढून टाकण्याचा सल्ला मिळतो आणि एका बेकायदा बदलातून दुसरा जन्मतो. प्रदूषण तपासणीत हे हटकून पकडले जाते असेही नाही, कारण डिझेल वाहनाचा धूर उभ्या गाडीत, भाराविना ॲक्सिलरेटर दाबून मोजला जातो. घाटातला धूर त्या आकड्यात येत नाही.

ओढ पूर्वीपेक्षा घटली असेल, तर कारण बहुधा साधे निघते : तुंबलेले हवा वा डिझेल फिल्टर, झिजलेले नोझल, टर्बोच्या नळीतील गळती, सरकणारा क्लच, घासणारा ब्रेक. पंप आणि नोझल तपासणी यंत्रावर मूळ मापांत आणून घेणे कायदेशीर आहे. तरीही रोजचा भार दोन टनांच्या घरात जात असेल, तर टाटा योद्धा २.० सारखे त्या क्षमतेचे वाहन सप्टेंबर २०२२ पासून बाजारात आहे.