हिमाचे पंचांग

मृगाचा पाऊस निराळा आणि हस्ताचा निराळा, हे आपल्याकडील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हिमालाही अशीच नक्षत्रे असतात, पौषातील हिम चैत्रातील हिमाहून गुणाने अगदी भिन्न असते, ही गोष्ट उष्ण देशातील वाचकांस सहसा ठाऊक नसते. स्वित्झर्लंडमधील पहाडी लोकांस ती ठाऊक होती. पण तिच्यातून काही लाभ होईल, असे त्यांच्या मनात शतकानुशतके आले नाही. हिवाळा म्हणजे गुरे गोठ्यात, वाटा बंद, आणि डोक्यावर हिमप्रपाताची टांगती तलवार. हा भयाचा ऋतू उपजीविकेचा ऋतू कसा झाला, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

सेंट मॉरिट्झ येथील योहानेस बाद्रुट नावाच्या उपाहारगृहवाल्याने १८६४ साली आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात येऊन पाहा, पसंत न पडल्यास प्रवासखर्च मी देईन, अशी आख्यायिका आहे. पुढल्याच वर्षी दाव्होस येथे डॉक्टर आलेक्झांडर श्पेंगलर यांच्याकडे क्षयाचे रोगी कोरड्या, थंड हवेसाठी हिवाळ्यात येऊ लागले. हे पाहुणे ऊन खाण्यास आले होते. हिमावर स्वार होण्यास नव्हे. पायांस बांधावयाच्या लांब लाकडी पट्ट्या, म्हणजे स्की, या नॉर्वेकडून पुढे आल्या. रुग्ण पत्नीसह दाव्होसला राहिलेले शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी मार्च १८९४ मध्ये ब्रांगर बंधूंच्या सोबतीने खिंड ओलांडून आरोझा गाठले, आणि त्याच वर्षी मासिकात त्याची हकीकत लिहिली. तेव्हापासून इंग्लंडातील सुशिक्षितांचे लक्ष या विद्येकडे वळले.

आता प्रश्न असा उत्पन्न झाला, की यावे केव्हा? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत आर्नल्ड लन यांचे नाव अग्रभागी येते. यांचा जन्म १८८८ साली मद्रासेत झाला, हा योगायोग आमच्या वाचकांस कौतुकाचा वाटेल. १९२१ साली त्यांनी आल्प्समधील सर्व उंचींवरील व सर्व ऋतूंतील स्कीविहारावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. या शास्त्राचे सार थोडक्यात असे: डिसेंबरात थर पातळ असून खाली दगड लपलेले असतात. जानेवारीत हिम कोरडे व पिठासारखे भुसभुशीत असते, पण दिवस तोकडा. फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत थराची खोली आणि दिवसाचा प्रकाश यांचा उत्तम मेळ बसतो. एप्रिलात दऱ्या हिरव्या होतात; मात्र उंचावर रात्री गोठलेले कठीण हिम सकाळच्या उन्हाने वरवर मऊ होते, आणि तेवढे दोनतीन तास मोठ्या सुखाचे असतात. दुपारी तेच हिम ओले व जड होऊन धोक्याचे ठरते. स्वतः लन यांनी डोम या ४,५४५ मीटर उंचीच्या शिखरावरील स्कीची पहिली चढाई जून १९१७ मध्ये केली!

अर्थात हे पंचांग ब्रह्मवाक्य नव्हे. उत्तरेकडील उतारावर टिकणारे हिम दक्षिणेकडील उतारावर उन्हाने विटते. आणि फ्योन नावाचा उबदार वारा सुटला म्हणजे भर हिवाळ्यातही पाणी होते. १९२८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये बर्फ वितळू लागल्यामुळे दहा हजार मीटरांची बर्फावरील घसरशर्यत अर्ध्यावर सोडून द्यावी लागली.

शिवाय उत्तम काळ आणि निर्धोक काळ एकच असतो असे नाही. हिमाचा थर हा एखाद्या बखरीसारखा असतो. प्रत्येक वादळ तिच्यात एक पान घालते, आणि डिसेंबरातील एखादे कच्चे पान फेब्रुवारीत सारा उतार खाली ओढून नेते. ही बखर वाचण्यासाठी १९३६ साली दाव्होसच्या वर वाइसफ्लूयोख येथे शास्त्रज्ञांनी संशोधन मांडले. तेथे २,५४० मीटर उंचीवर तेव्हापासून हिमाची खोली मोजली जात आहे. १९४५ पासून हिमप्रपाताची सूचनापत्रकेही निघू लागली. तरीही १९५०-५१ च्या भीषण हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये ९८ माणसे हिमप्रपातांत मृत्यू पावली. आज त्या पत्रकांकडे पाहिल्यावाचून सुज्ञ मनुष्य आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकीत नाही.

इतक्या कष्टाने जुळविलेले हे पंचांग आता चुकू लागले आहे, ही खरी चिंतेची गोष्ट होय. दाव्होस येथे १९३४ साली स्कीवाल्यांस दोराने वर ओढून नेणारे यंत्र सुरू झाले, आणि पुढे असंख्य खेड्यांनी आपला चरितार्थ अशा यंत्रांवर सोपविला. परंतु ८०० मीटरांखालील प्रदेशात हिम पडलेले असण्याचे दिवस १९७० पासून निम्म्यावर आले आहेत. २०२२ व २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचा दहावा हिस्सा गमावला. निम्म्याहून अधिक वाटांवर आज यंत्राने हिम पाडण्याची सोय आहे. पण त्या यंत्रासही पाणी लागते, आणि थंडीही लागतेच.

बाद्रुट यांनी पैज लावली ती हिवाळ्याच्या भरवशावर. तो नेमाने येईल, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. उंचावरच्या गावांस तो भरवसा अजून काही काळ पुरेल. खालच्या गावांस मात्र आपल्या पणजोबांनी हिवाळ्यात काय केले होते, हे पुन्हा आठवावे लागेल. फरक इतकाच, की त्या पूर्वजांच्या गोठ्यात गुरे होती; यांच्या अंगणात गंजत चाललेले खांब आणि दोर आहेत.