उकिरड्याचा इतिहास

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्लीत माझ्या लहानपणी प्रत्येक घराचा उकिरडा वेगळा असे. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, बैलांनी टाकलेलं कुटार, अंगणातला केर, सगळं तिथे जाई. वैशाखात बैलगाड्या भरत आणि खत शेतात पडे. दिवाळीला आजी एक पणती उकिरड्यावर नेऊन ठेवी. आमच्याकडच्या शेतीचा इतिहास लिहायचा तर तो याच जागेपासून लिहावा, असं मला वाटतं.

फावडं मारलं की त्या ढिगात एक गावच दिसे: शेणकिडे, माशांच्या अळ्या, तळाच्या ओलाव्यात गांडुळं आणि पांढरी, वळलेली हुमणी. हुमणीला सगळे भीत, कारण कच्च्या खताबरोबर ती शेतात जाते आणि पिकाची मुळं खाते. बाकीच्यांकडे कोणी बघत नसे. पण शेण-काडी बारीक करून जिवाणू आणि बुरशीचं काम सोपं करणारे तेच होते. त्यांना चारा आम्हीच घालत होतो, निगा मात्र राखत नव्हतो. उघड्या ढिगातलं पुष्कळ सत्त्व उन्हात उडून जाई, उरलेलं पावसात वाहून जाई.

निगा कशी राखावी याचा शास्त्रीय विचार कापसाच्याच मुलखात झाला. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड १९२४ पासून काम करत होते आणि रसायनाची बाजू यशवंत वाड सांभाळत होते. पऱ्हाटीसारखी टणक काडी कुजत नाही, हा आमचा रोजचा अनुभव. त्यांनी ती रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतली, मग शेण, माती, राख यांच्या थरांत घातली आणि ढीग वेळोवेळी उलटला. तीन महिन्यांत खत तयार. दोघांचं पुस्तक १९३१ साली निघालं आणि इंदूर पद्धत जगभर गेली. आम्ही मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं पऱ्हाट्या बांधावर जाळत राहिलो.

आमच्यापर्यंत खताची विद्या आली ती पैनगंगेपलीकडून. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, तरी सोयरिकी आणि बाजार तुटले नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांचं टाकं असंच पाहुण्यारावळ्यांच्या तोंडून कळलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांचं, आणि भिंतींना मुद्दाम ठेवलेली भोकं. त्यातून हवा खेळते, म्हणून ढीग उलटावा लागत नाही. शेण थोडं, काडीकचरा आणि माती जास्त, वरून लिंपण. ज्याच्या दावणीला दोनच जनावरं, त्यालाही तीन-चार महिन्यांत टाकंभर खत मिळू लागलं.

पुढे गांडुळं आली. पुण्यात उदय भवाळकरांनी त्यांच्या अभ्यासाला संस्थेचं रूप दिलं आणि गावोगाव गांडूळखताचे वाफे दिसू लागले. वाफ्यात सोडतात ती आयसेनिया फेटिडा युरोपातली आणि युड्रिलस आफ्रिकेतली. दोन्ही कुजणाऱ्या थरातच राहतात. जमीन खोल उकरणारी आपली देशी गांडुळं वेगळी. ती विकत आणून सोडायची नसतात. रानात ओल, सावली आणि पाला राखला तर ती आपोआप परततात.

इतकी विद्या हाताशी असून आमच्याकडची कित्येक टाकी आणि वाफे रिकामे का राहिले? याचं उत्तर मला खताच्या शास्त्रात सापडलं नाही, जमिनीच्या कागदांत सापडलं. शेणखताचा जोर दोन-तीन हंगाम टिकतो. पुढच्या वर्षी हे रान आपलं असेल याची खात्री नसलेला माणूस त्यात खत कशाला भरेल? राखीव जंगलाच्या हद्दी आखताना इथल्या गोंडांची शेतं त्यात गेली. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या आग्रहामुळे निजाम सरकारने काहींना पट्टे दिले. नंतर बाहेरून आलेल्यांनी जमिनी घेतल्या, आणि आमचं मराठी घराणंही बाहेरूनच आलेलं. आदिवासींच्या जमिनी बाहेरच्यांकडे जाऊ नयेत म्हणून केलेला १९५९ चा कायदा १९७० मध्ये कडक झाला, तरी जमिनी सुटत राहिल्या. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, जमिनीचा हक्क मागायला जमलेल्या आदिवासींवर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारने मृतांचा आकडा तेरा सांगितला. लोक तो कितीतरी मोठा सांगतात.

खताच्या विद्येत आता चर्चा आहे ब्लॅक सोल्जर फ्लायची. ही काळी, गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी मूळची अमेरिका खंडातली. आता उष्ण देशांत सगळीकडे आढळते. मोठी झाल्यावर ती फारसं काही खात नाही, म्हणून घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. खातात त्या तिच्या अळ्या. सडकी भाजी, उष्टं-खरकटं, शेण संपवत त्या दोनेक आठवड्यांत पोसतात आणि मग कोशात जाण्यासाठी आपणहून कोरड्या जागेकडे चढू लागतात. उतरती कड ठेवलेल्या टाक्यातून त्या गोळा करता येतात. वाळवलेल्या अळीत सुमारे चाळीस टक्के प्रथिनं असतात, म्हणून कोंबड्यांना आणि माशांना चालतात. मागे उरतं ते खत. युरोपीय संघाने अशा कीटकांचं खाद्य मत्स्यशेतीला २०१७ मध्ये, कोंबड्या-डुकरांना २०२१ मध्ये मोकळं केलं. आमच्याकडे मात्र सडक्या भाजीत अळ्या दिसल्या की अजून चुना टाकतात.

सोमवारच्या बाजारातली कोबीची पानं आणि नासके टोमॅटो, केसलापूरच्या नागोबा जत्रेत उरणारं अन्न, एवढा चारा या अळ्यांना इंद्रवेल्लीतच मिळेल. माझं म्हणणं इतकंच की हे काम मंडळातल्या गोंड बायांच्या बचतगटांनी करावं, कोंबड्या त्यांच्या असाव्यात आणि खत त्यांच्या नावावरच्या शेतात पडावं. किडा माती घडवतो. ती माती कोणाची, हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि इंद्रवेल्लीत तो निवाडा अजून पुरता झालेला नाही.