चिनी विद्यार्थ्यांचे सोलापूरकर गुरुजी

परमुलखांतून आलेल्या फादरांनीं व सिस्टरांनीं मराठी शिकून शाळा चालवाव्या, रोग्यांची शुश्रूषा करावी, हें आपल्या वाशीम-वऱ्हाडाकडील धर्मग्रामस्थांस नवें नाहीं. परंतु येथून परदेशीं जाऊन तेथील विद्यार्थ्यांस त्यांच्याच भाषेंत वैद्यकी शिकविणारा मराठी पुरुष विरळा. महोत्सवाच्या ह्या अंकांत अशा एकाचें, डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें, स्मरण करावेंसें वाटतें.

१९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली. चिनी सेनापति चू-ते यांनीं वैद्यकीय साहाय्य मागितल्यावरून राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक पाठविलें. त्यांत आपल्या विदर्भांतील, नागपूरचे, डॉ. चोळकरही होते. कोटणीस सोलापूरचे, वय अवघें सत्तावीस. १ सप्टेंबर १९३८ रोजीं मुंबईहून निघालेलें हें पथक १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला पोहोंचलें. वाटेंतच कोटणिसांस वडील निवर्तल्याची वार्ता कळली. ते घरीं परतते तरी कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. पण ते परतले नाहींत.

१९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं काढलेल्या बोलपटानें रणांगणावरील कोटणीस घरोघरीं पोहोंचले. वर्गांतले कोटणीस मात्र फारसे कोणास ठाऊक नाहींत, आणि आमच्या मतें तेच अधिक मोठे. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शस्त्रवैद्य शस्त्रक्रिया करितांना बोटास झालेल्या जखमेंतून रक्त दूषित होऊन नोव्हेंबर १९३९ मध्यें वारले. त्यांच्या नांवें उत्तर चीनमध्यें जें रुग्णालय होतें त्याचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्यें कोटणिसांची नेमणूक झाली. जोडीच्या वैद्यक विद्यालयांत ते शस्त्रक्रिया शिकवूं लागले. भोंवतीं शत्रूचा वेढा, औषधांची टंचाई आणि जखमी असंख्य. अशा ठिकाणीं एका डॉक्टरचे दोन हात कोठवर पुरणार? नवे हात तयार करणें हाच उपाय होता. पण दुभाष्याच्या तोंडून सुरी धरावयास शिकवितां येत नाहीं. म्हणून कोटणीस चिनी बोलावयास, वाचावयास व लिहावयास शिकले. हातीं क्रमिक पुस्तकें नव्हतीं, तेव्हां शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवर त्यांनीं स्वतः पुस्तक सिद्ध केलें व दुसरें लिहावयास घेतलें.

त्याच विद्यालयांत परिचर्या शिकविणाऱ्या क्वो चिंग-लान यांच्याशीं १९४१ मध्यें त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षीं झालेल्या पुत्राचें नांव यिन-ह्वा. यिन म्हणजे हिंदुस्थान, ह्वा म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेंही झालें नव्हतें, तोंच ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस वारले. वय बत्तीस. दुसरें पुस्तक अपुरेंच राहिलें.

चिनी लोक त्यांस क-तीह्वा म्हणतात. ह्या नांवाचें एक वैद्यक विद्यालय शिजियाझ्वांग शहरांत आहे. त्यांची समाधिही त्याच शहरीं. सोलापुरांतील त्यांचें राहतें घर आतां स्मारक झालें आहे. वाशीमहून तिकडे कामानिमित्त जाणारांनीं तें पाहून यावें. फार वेळ लागत नाहीं.