कातीव धातुशिल्प: घरातील यंत्रशाळेत घडणारी कला

धातूचे शिल्प म्हटले की डोळ्यांपुढे येते ती ओतीव मूर्ती. चौकातील अश्वारूढ पुतळा असो की देवघरातील पितळी बाळकृष्ण, दोहोंचा जन्म साच्यातून होतो. विसाव्या शतकात यात जोडकामाची भर पडली. स्टुडबेकरच्या मोटार कारखान्यात आणि पुढे रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काम केलेल्या डेव्हिड स्मिथ या अमेरिकन शिल्पकाराने लोखंडाचे तुकडे वेल्डिंगने जोडून आधुनिक शिल्पकलेला नवी दिशा दिली. या दोहोंपेक्षा वेगळा असा तिसरा मार्ग आहे. धातूची कांब किंवा ठोकळा लेथवर आणि मिलिंग यंत्रावर चढवायचा, नको असलेला भाग थराथराने कापून काढायचा आणि अशा काटेकोर भागांची जुळणी करून शिल्प उभे करायचे. मोठ्या कारखान्यापेक्षा घरामागच्या खोलीत, तळघरात किंवा गॅरेजमध्येच ही कला अधिक रुजली आहे.

मराठीला ही कल्पना परकी नाही. लाकूड चरकावर फिरवून पाट-लाटणी, पाळण्याचे खांब व खेळणी घडविणारा तो कातारी आणि त्याच्या हातून उतरलेले ते कातीव काम. रेखीव चेहऱ्याला आपण आजही 'कातीव' म्हणतो, ते त्यावरूनच. कर्नाटकातील बेलूर व हळेबीड येथील होयसळ मंदिरांतील गुळगुळीत, वर्तुळाकार खांब पाहिले की फिरत्या दगडावर हत्यार धरून आकार देण्याचे तंत्र किती जुने आहे, याची कल्पना येते.

राजवाड्यातून घराकडे

युरोपात लेथवरील कला प्रथम फुलली ती राजेरजवाड्यांच्या आश्रयाने, आणि तीही हस्तिदंतात. मार्कस हायडन या कारागिराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील कोबुर्गच्या ड्यूकसाठी कातलेले हस्तिदंती चषक एकावर एक तोललेल्या नाजूक आकारांचे आहेत. तीस वर्षांच्या युद्धात ते लुटले गेले. आज ते फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात पाहावयास मिळतात. रशियाचा झार पीटर द ग्रेट स्वतः लेथवर काम करीत असे. आंद्रेई नार्तोव हा त्याचा यंत्रज्ञ त्यासाठी खास लेथ बनवीत असे. फ्रान्समध्ये शार्ल प्ल्युमिए यांचा कातकामावरील सचित्र ग्रंथ १७०१ मध्ये प्रसिद्ध झाला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन गोष्टी लंडनमध्ये जवळजवळ एकाच वेळी घडल्या. स्ट्रासबर्गहून आलेल्या होल्टझापफेल यांनी हौशी धनिकांसाठी शोभिवंत कातकामाचे लेथ विकण्यास प्रारंभ केला आणि १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ली यांनी आटे पाडणारा अचूक लेथ सिद्ध केला. पहिल्यात सौंदर्य होते, दुसऱ्यात अचूकता. मॉडस्लींच्या लेथमध्ये हत्यार कारागिराच्या हातात नसून सरकत्या बैठकीवर घट्ट बसविलेले होते. हाताचा कंप कामातून गेला आणि धातूवर हवे तेवढेच माप उतरविणे शक्य झाले.

पुढे हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. लंडनमध्ये १८९८ साली 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक निघाले. घरी वाफेची इंजिने बनविणाऱ्या हौशी मंडळींचे ते व्यासपीठ ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर नॉटिंगहॅमजवळच्या मायफोर्ड कंपनीचा 'एमएल ७' हा लेथ इंग्लंडमधील घरगुती यंत्रशाळांचे जणू बोधचिन्हच बनला. ऑस्ट्रियाच्या 'युनिमॅट'ने तर लेथ टेबलावर मावेल इतका लहान केला.

उपयोगी वस्तू की कलाकृती?

यंत्रावर घडलेल्या धातूच्या वस्तूला कला म्हणावे का, हा प्रश्न एकदा थेट न्यायालयात गेला होता. कॉन्स्टन्टिन ब्रांकुशी यांचे 'बर्ड इन स्पेस' हे चकचकीत कांस्यशिल्प १९२६ साली न्यूयॉर्क बंदरात उतरले. कलाकृतींवर जकात नव्हती. परंतु पिसे, चोच, पंख यांपैकी काहीही नसलेली ही निमुळती वस्तू अधिकाऱ्यांनी स्वयंपाकघरातील भांडी व रुग्णालयीन साहित्य या वर्गात टाकली आणि तीवर ४० टक्के जकात लावली. एखादा कुशल यंत्रकामगार कानस व पॉलिशच्या साहित्याने हीच वस्तू बनवू शकणार नाही का, असा सवाल सुनावणीत उपस्थित झाला. तो पॉलिश करील, पण अशी वस्तू त्याला सुचणार नाही, असे उत्तर शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी दिले. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशींच्या बाजूने लागला.

एपस्टाइन यांच्या उत्तराने खटल्यास मदत झाली खरी. मात्र त्यात सुचणे एकाचे आणि घडविणे दुसऱ्याचे, अशी विभागणी गृहीत धरलेली होती. घरगुती यंत्रशाळेतील शिल्पकार नेमकी हीच विभागणी नाकारतो. त्याला आकार सुचतो तोच मुळी यंत्राच्या हालचालीतून.

स्पॅनिश शिल्पकार मिगेल बेरोकाल (१९३३–२००६) यांनी १९६० च्या दशकापासून सुटी होणारी कोड्यासारखी धातुशिल्पे बनविली. तुकडे विशिष्ट क्रमानेच जुळतात, त्यामुळे सांध्यांचे माप हाच कलेचा गाभा ठरतो. हल्लीच्या काळातील ठळक नाव म्हणजे अमेरिकेतील बाल्टिमोरचे ख्रिस बाथगेट. यंत्रकाम ते स्वतःच शिकले. घरच्या यंत्रशाळेतील साधी यंत्रे त्यांनी स्वतः संगणक-नियंत्रित करून घेतली. ॲल्युमिनियम, पितळ, कांसे आणि स्टेनलेस स्टील यांचे अनेक भाग कातून ते एकेक शिल्प जुळवितात. शिल्पांना नावाऐवजी अक्षरे व आकड्यांची मालिका असते आणि सोबत भागांची सुटी-सुटी मांडणी दाखविणारा अभियांत्रिकी आराखडाही असतो. पाहणाऱ्याला ती एखाद्या अज्ञात यंत्राचा भाग वाटतात, प्रत्यक्षात त्यांचा कोणताही 'उपयोग' नसतो.

धातूचे स्वभाव

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर राहून त्यात शिरते. त्यामुळे दंडगोल, शंकू, गोल असे आकार मिळतात. मिलिंग यंत्रावर याच्या उलट, कटर फिरतो आणि जॉब सरकतो. त्यातून सपाट पृष्ठभाग, खाचा आणि खोबणी मिळतात. या दोन हालचाली व त्यांचे मिश्रण एवढीच या कलेची वर्णमाला होय.

प्रत्येक धातूचा स्वभाव निराळा असतो. पितळ सर्वांत मनमिळाऊ. त्याचा कीस बारीक कणांच्या रूपाने पडतो आणि पृष्ठभाग आपोआप उजळ निघतो. तांबे मऊ व चिवट असल्याने हत्यारावर ओढले जाते. स्टेनलेस स्टील कापताना हत्यार नुसते घासत राहिले, तर पृष्ठभाग अधिकच कठीण होतो, म्हणून तेथे निर्धाराने खोल काप घ्यावा लागतो. हायस्पीड स्टीलच्या हत्याराने सौम्य पोलाद कापताना मिनिटाला सुमारे ३० मीटरचा वेग धरतात. २५ मिलिमीटर व्यासाच्या कांबीसाठी याचा अर्थ मिनिटाला सुमारे ३८० फेरे. व्यास निम्मा झाला की फेरे दुप्पट हवेत. पितळाला यापेक्षा बराच अधिक वेग चालतो.

उष्णता हा या कामातील छुपा शत्रू आहे. १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा १० अंश सेल्सिअसने तापला, तर तो सुमारे ०.०२३ मिलिमीटरने वाढतो. केसाच्या जाडीपुढे हे माप क्षुल्लक असले, तरी दोन भाग हाताने दाबून घट्ट बसणार की सैल पडणार, हे तेवढ्यावरच ठरते. गरम असताना मोजलेला भाग थंड झाल्यावर लहान भरतो. म्हणूनच अनुभवी कारागीर शेवटचा काप घेण्यापूर्वी जॉब थंड होऊ देतो. याच गुणधर्माचा उपयोगही करता येतो. बाहेरचे कडे तापवून आतल्या दांड्यावर सरकविले, की थंड होताना ते आवळून बसते. मग ना स्क्रू लागतो, ना डाग.

ॲल्युमिनियमला रंग चढतो तो ॲनोडायझिंगने. सौम्य गंधकाम्लात वीजप्रवाह सोडला की पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रांचा ऑक्साइडचा थर तयार होतो. त्या छिद्रांत रंग मुरवून गरम पाण्याने ती बंद केली जातात. रंग वरून फासलेला नसल्याने तो पापुद्र्यासारखा सुटत नाही. मात्र आम्ल आणि प्रक्रियेत निघणारा हायड्रोजन यांमुळे हे काम उघड्या हवेतच करावे लागते.

घनाच्या पोटात घन

या कलेची मुळाक्षरे गिरविण्यासाठी एक जुना धडा आहे. एका घनाच्या आत सुटा असलेला दुसरा घन, तोही एकाच ठोकळ्यातून कोरलेला. इंग्रजीत तो 'टर्नर्स क्यूब' म्हणून ओळखला जातो. समजा बाहेरचा घन ४० मिलिमीटरचा व आतला २० मिलिमीटरचा हवा. सहाही बाजूंच्या बरोबर मध्यावर १० मिलिमीटर खोल, सपाट तळाचे छिद्र पाडायचे. छिद्राचा व्यास आतल्या घनाच्या बाजूपेक्षा मोठा, म्हणजे समजा २५ मिलिमीटर घेतला, की शेजारची छिद्रे एकमेकांना भिडतात आणि आतल्या घनाच्या कडा मोकळ्या होतात. त्या घनाच्या पृष्ठाचा कर्ण मात्र २८ मिलिमीटरहून थोडा अधिक असल्याने तो छिद्रातून निसटू शकत नाही. उरतात फक्त आठ कोपरे. वाकड्या नाकाच्या हत्याराने आत शिरून ते कापले, की घन मोकळा होतो. शेवटचा कोपरा सुटताना घन हत्यारावर आदळू नये, म्हणून आधीच्या छिद्रांत मेण किंवा ठोकळे भरून ठेवतात.

यात दिसते तेवढे कौशल्य नसून, दिसत नाही ते अधिक आहे. चार जबड्यांच्या चकमध्ये ठोकळा सहा वेळा उलटसुलट करून पकडायचा आणि डायल गेज लावून दर वेळी तोच मध्य साधायचा. पहिल्या बाजूची लहानशी चूक सहाव्या बाजूपर्यंत मोठी होऊन समोर येते. ओतकामात मेणावर पुन्हा हात फिरविता येतो, येथे कापलेला धातू परत लावता येत नाही.

संगणक आला म्हणून

आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील 'एमआयटी'ने १९५२ मध्ये दाखविले. तेव्हा खोलीभर पसरलेली नियंत्रण-यंत्रणा आता साध्या संगणकात सामावते. 'लिनक्ससीएनसी'सारखी प्रणाली तर विनामूल्य मिळते. यामुळे आता बटण दाबले की शिल्प तयार, असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तव निराळे आहे. यंत्र सांगितलेल्या मार्गाने हत्यार नेते. जॉब कोठे पकडावा, कोणती बाजू आधी कापावी, पातळ भिंत थरथरू नये म्हणून तिला आधार कसा द्यावा, हे त्याला कळत नाही. एका विचित्र आकारासाठी अनेकदा त्याला धरून ठेवणारा खास साचाच आधी बनवावा लागतो. काप नीट बसतो आहे की हत्यार बोथट झाले आहे, हे कारागीर आजही आवाजावरून ओळखतो.

घरात यंत्र आणण्यापूर्वी

टेबलावर मावणारा लहान लेथही ३५ ते ४० किलोंचा असतो. मोठी यंत्रे तळमजल्यावरच शोभतात. त्यांच्या मोटारी बहुधा थ्री-फेजच्या असतात, तथापि योग्य क्षमतेचा फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह बसविल्यास त्या घरच्या सिंगल-फेज विजेवर चालविता येतात. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज, हत्यारे आणि चक यांचा खर्च लहान यंत्राच्या किमतीलाही मागे टाकू शकतो, हे नवख्याने आधीच ध्यानात घ्यावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. फिरत्या यंत्रावर हातमोजे कदापि घालू नयेत. ते अडकले तर हात ओढला जातो. ओढणी, पदर, सैल बाह्या, मोकळे केस, अंगठी, घड्याळ, मनगटावरचा दोरा यांचाही धोका तोच. चकची चावी चकमध्येच विसरून यंत्र सुरू करणे म्हणजे ती गोळीसारखी उडविणेच होय. कीस हाताने ओढू नये, ब्रशाने काढावा. डोळ्यांना चष्मा हवाच.

हातातले ज्ञान

महाराष्ट्रात कला आणि यंत्र यांची गाठ फार पूर्वीच पडली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले. रंगांधळेपणामुळे ती सोडावी लागली, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि त्यातून पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. किर्लोस्करांच्याच हरिहर येथील कारखान्यातून १९४० च्या दशकापासून निघालेल्या लेथांवर देशातील कित्येक टर्नर घडले.

कोल्हापूर, भोसरी, सातपूर येथील लहान कारखान्यांत पितळेच्या कांबीवर क्षणात माप साधणारे हात आजही आहेत. आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही चालतो. परंतु साधा लेथ मागे पडत आहे. आवाजावरून काप ओळखणारी पिढी निवृत्त झाली, की ते ज्ञान पुस्तकातून परत मिळविता येणार नाही, कारण ते पुस्तकात उतरलेलेच नाही. कारखान्याला त्याची गरज उरो वा न उरो, घरगुती यंत्रशाळेतील शिल्पकाराला ती रोज भासते. भंगारात निघालेला एखादा जुना लेथ आणि निवृत्त टर्नरचे मार्गदर्शन एवढ्या भांडवलावर ही कला येथेही उभी राहू शकते. कलाशाळांनी आणि आयटीआयने एकमेकांची दारे उघडली, तर 'कातीव' हा शब्द केवळ चेहऱ्याच्या वर्णनापुरता उरणार नाही.