ट्राम, अलिबाग आणि गिटारची गुणगुण

गिटारच्या हंबकर पिकअपला कॉइल निवडायचा सरकता स्विच का लावतात, हे समजायला आधी अलिबागला जाऊ या.

कुलाब्याच्या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद व्हायची. मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं आणि प्रश्न पडला: तिच्या प्रवाहानेच सुई हलली, तर साठ वर्षांच्या नोंदींचं पुढे काय? म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 मध्ये, हे काम अलिबागला सुरू झालं. 1906 पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चाललं, त्यामुळे मालिका तुटली नाही. ट्राम धावली 1907 मध्ये.

गिटारवाल्याला मात्र विजेपासून लांब जाता येत नाही. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये वेगळा उपाय काढला: दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकही उलट. बाहेरची गुणगुण आपसात खोडली जाते, तारेचा आवाज मात्र जोडला जातो.

दोन कॉइलींच्या जोडाची तार स्विचने अर्थला टेकवली, की एक कॉइल बंद. आवाज पातळ, टोकदार होतो. पण गुणगुण परत येते. कारण दुसरी कॉइल म्हणजे गिटारच्या पोटातलं अलिबागच!