गाऊट : वरण सोडू नका, गोळीही नाही

रात्रीतून पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, की इंदुरातल्या मराठी घरांत आधी वरण बंद होतं. डाळ-पालकापेक्षा बिअर, कलेजी आणि गोड शीतपेयं जास्त नडतात. सराफ्यातली जलेबीही निर्दोष नाही. साखरेतलं फ्रुक्टोज युरिक ॲसिड वाढवतं.

ऐन झटक्यात रिपोर्ट नॉर्मलही येतो, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. झटके वारंवार येत असतील तर डॉक्टर बहुधा ॲलोप्युरिनॉल देतात. पातळी ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवायची. पहिले काही महिने जुने स्फटिक विरघळताना उलट झटका येऊ शकतो. नेमकी इथेच लोक गोळी सोडतात! किडनीचा त्रास असेल तर मेडिकलमधून परस्पर पेनकिलर नको. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सांध्यात जंतुसंसर्गही असू शकतो.