अपराधपीडितांची नुकसानभरपाई

गुन्ह्यामुळे शरीर, वित्त वा उपजीविका यांची हानी झालेल्या व्यक्तीस, किंवा ती मृत झाल्यास तिच्या आश्रितांस, न्यायालयाच्या आदेशानुसार मिळणारी रक्कम म्हणजे अपराधपीडितांची नुकसानभरपाई होय. शिक्षेचा संबंध अपराध्याशी असतो, तर भरपाईचा संबंध हानी सोसणाऱ्याशी असतो. त्यामुळे अपराधी सापडला नाही किंवा तो निर्धन असला, तर ही हानी कोणी सोसावी, हा प्रश्न प्रत्येक समाजापुढे उभा राहिला. भरपाईच्या संस्थेचा इतिहास हा बव्हंशी या प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : बॅबिलोनियातील हामुराबीच्या विधिसंहितेत (इ. स. पू. अठरावे शतक) लुटारू न सापडल्यास लुटलेल्या मालाची भरपाई संबंधित नगराने व तेथील अधिकाऱ्याने करावी, अशी तरतूद होती. इंग्लंडमधील अँग्लो-सॅक्सन कायद्यांत मनुष्यवधाबद्दल मृताच्या आप्तांस द्यावयाचे मूल्य त्याच्या सामाजिक दर्जानुसार ठरलेले असे. पुढे राजसत्ता प्रबळ झाली, गुन्हा हा राजाच्या शांततेचा भंग समजला जाऊ लागला आणि अपराध्याकडून येणारा पैसा आप्तांऐवजी राजकोशात जमा होऊ लागला.

भारतीय धर्मशास्त्रात दंड आणि भरपाई यांचा वेगवेगळा विचार आढळतो. आपस्तंब धर्मसूत्रात क्षत्रियाच्या वधाबद्दल हजार, वैश्याच्या वधाबद्दल शंभर आणि शूद्राच्या वधाबद्दल दहा गायी देण्यास सांगितले आहे. या गायी मृताच्या आप्तांस द्यावयाच्या की अन्य कोणास, याविषयी ग्रंथांत व भाष्यांत एकवाक्यता नाही. मात्र जीविताचे मोल वर्णानुसार ठरत असे, हे त्यावरून स्पष्ट होते. दुसऱ्यास जखमी करणाऱ्याने त्याच्या उपचाराचा खर्च, म्हणजे समुत्थानव्यय, द्यावा आणि शिवाय राजदंडही भरावा, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. चोरीस गेलेले धन राजाने सर्व वर्णांच्या लोकांना परत मिळवून द्यावे. ते स्वतः उपभोगणाऱ्या राजास चोराचे पाप लागते, असे मनुस्मृतीत म्हटले आहे. ते परत मिळवता आले नाही, तर राजाने स्वतःच्या कोशातून भरून द्यावे, असा नियम गौतम धर्मसूत्रात व कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. प्रजेकडून कर घेणाऱ्यावर तिच्या रक्षणाची जबाबदारी येते, हे या नियमामागील सूत्र होय.

मराठी मुलखात हीच जबाबदारी गावाच्या पातळीवर उतरलेली दिसते. गावात चोरी झाल्यास जागल्याने चोराचा माग काढावा. तो दुसऱ्या गावाच्या शिवेत गेल्याचे दाखवून दिल्यास पुढील शोध त्या गावाकडे जाई. माग लागला नाही, तर चोरीच्या मालाची भरपाई गावाकडून मागितली जाई. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये सादर केलेल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. चोरी रोखण्याचे सामर्थ्य नसलेल्या गावावर हा भार टाकणे अन्यायाचे असून पूर्ण रक्कम क्वचितच वसूल केली जाई, असेही त्याने नोंदविले आहे.

ब्रिटिश अंमल : बंगालमध्ये कंपनी सरकारने प्रारंभी मुस्लिम फौजदारी कायदाच चालू ठेवला. त्यात मृताच्या वारसांना खुन्यास क्षमा करण्याचा किंवा दियत (रक्तमूल्य) स्वीकारण्याचा हक्क होता. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या १७९० मधील सुधारणांनी वारसांचा क्षमेचा हक्क काढून घेतला. खुनाची शिक्षा खाजगी तडजोडीवर अवलंबून न राहता ती राज्याने द्यावी, हा त्यातील इष्ट भाग होता; परंतु त्याबरोबर पीडित पक्षाचे खटल्यातील स्थान उणावत जाऊन तो केवळ साक्षीदार ठरू लागला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५४५ अन्वये वसूल झालेल्या दंडातून भरपाई देता येई. म्हणजे दंडाची शिक्षा झालीच नाही, तर त्या कलमाखाली भरपाईही मिळत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळ : परिवीक्षेवर सोडलेल्या अपराध्यास भरपाई देण्याचा आदेश करण्याची मुभा १९५८ च्या अधिनियमाने दिली. त्यानंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ३५७ ने न्यायालयास दंडाची शिक्षा नसतानाही भरपाईचा आदेश देण्याचा अधिकार दिला. ही रक्कम दंडाप्रमाणे, म्हणजे जंगम मालमत्ता जप्त करून किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, वसूल करता येते. तथापि दंडातून द्यावयाची भरपाई अपिलाची मुदत संपेपर्यंत, किंवा अपील झाल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत, दिली जात नाही. साहजिकच औषधोपचाराला पैसा लागतो तेव्हा तो हाती येत नाही.

हा अधिकार न्यायालये क्वचितच वापरीत. हरियाणातील एका हल्ल्यात कायमचे वाचादौर्बल्य आलेल्या जखमीस द्यावयाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ५०,००० रुपयांपर्यंत वाढविली आणि सर्व न्यायालयांनी या अधिकाराचा सढळ वापर करावा, असे बजावले. महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात २०१३ मध्ये त्याने याहून पुढचे पाऊल टाकले : प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे आणि ती दिल्याची वा नाकारल्याची कारणे नोंदविणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविण्यात आले.

राज्याची जबाबदारी : अपराधी निर्धन असल्यास आदेश कागदावरच राहतो. या अडचणीमुळे न्यूझीलंडने १९६३ मध्ये कायदा करून राज्याच्या निधीतून भरपाई देण्यास आरंभ केला. १९६४ मध्ये ब्रिटनने तशीच योजना आखली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ च्या जाहीरनाम्यात हे तत्त्व मान्य केले. भारतात ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या कलम ३५७ अ अन्वये राज्यांवर निधीसह योजना तयार करण्याचे बंधन आले. न्यायालयाने शिफारस केल्यानंतर रक्कम विधी सेवा प्राधिकरण ठरविते. अपराध्याचा शोध लागला नाही व खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडितास किंवा त्याच्या आश्रितांस थेट अर्ज करता येतो. त्याची चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावयाची असते. महाराष्ट्रात लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिडहल्ला यांना बळी पडलेल्या स्त्रिया व बालके यांच्यासाठी २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आणि २०१४ मध्ये सर्वसाधारण भरपाई योजना सुरू झाली. अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडितांस किमान ३ लाख रुपये द्यावेत व त्यांपैकी १ लाख पंधरा दिवसांत द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कलम ३९५ व ३९६ मध्ये आल्या आहेत. गुन्ह्यातून मिळविलेली मालमत्ता जप्त करून जिल्हादंडाधिकाऱ्याने न्यायालयाच्या निर्देशानंतर साठ दिवसांत पीडितांमध्ये वाटावी, अशी नवी तरतूदही तीत आहे. चोरीचे धन राजाने परत मिळवून द्यावे आणि ते न मिळाल्यास आपल्या कोशातून भरून द्यावे, ही दोन जुनी कर्तव्ये अशा रीतीने आधुनिक कायद्यात पुन्हा एकत्र आली आहेत. वर्णभेदाची अट मात्र तीत उरलेली नाही. या तरतुदींचे यश आदेशांच्या संख्येवरून ठरत नाही. रक्कम पीडिताच्या हाती किती पडली आणि गरजेच्या वेळी पडली की नाही, यावरच ते ठरते.